सौहार्दाची पातळी

डॉ. विद्याधर गावंडे यांनी मनात जुळवलेले वाक्य असे होते : 'ही पाने बनावट आहेत, आणि ज्याला ती खरी वाटतात त्याने पोथीला हात लावण्याआधी वाचायला शिकावे.'

पलंगासमोरच्या पडद्यावर उमटलेले वाक्य असे होते : 'ही पाने वेगळी आहेत, आणि ज्यांना ती भावली त्यांच्या वाचनाचे मला कौतुक वाटते.'

तुषार भोंगाडे यांनी ते मोठ्याने वाचले आणि चष्मा काढून पुसला. एके काळी ते गावंडे यांचे विद्यार्थी होते. आता प्राचीन पोथी मंडळाचे कार्यवाह होते आणि त्यांच्या बोटांत दोन अंगठ्या होत्या. "सर," ते म्हणाले, "पंधरा वर्षं वाट पाहिली मी तुमच्याकडून एक बरा शब्द ऐकायची."

"आजारपणानं माणूस निवतो," गावंडे यांच्या पत्नी मंजूषाबाई दारातून म्हणाल्या. "चहा घेणार नं?"

गावंडे यांनी डोळे दोनदा मिटले. दोनदा म्हणजे नाही. ते चहाला नाही म्हणत नव्हते. चहा त्यांना तसाही नळीतून मिळत नव्हता. ते एकूण परिस्थितीला नाही म्हणत होते. पण डोळ्यांकडे आता कोणी पाहत नसे. पडदा असताना डोळ्यांकडे कोण पाहील?

प्रकरण समजायला फारसे शास्त्र लागत नाही. आठ महिन्यांपूर्वी गावंडे यांच्या मेंदूच्या देठाशी एक गुठळी अडकली. वरचा मेंदू, ज्यात चाळीस वर्षांचे पाठभेद आणि तितक्याच वर्षांचे राग साठवलेले होते, तो शाबूत राहिला. खाली जाणारा रस्ता तेवढा बंद झाला. जीभ गेली, हात गेले, पापण्या राहिल्या. मात्र बोट हलवायचे असे मनात आले, की बोट हलत नसले तरी मनगटाजवळच्या नसांत विजेची एक अतिशय क्षीण लहर अजून पोहोचत होती. अमरावतीच्या इस्पितळाने पुढे त्यांच्या मनगटावर चढवलेला काळा पट्टा ती लहर टिपत असे.

पण लहर म्हणजे अक्षर नव्हे. ती अक्षराची पुसट सावली. एका सावलीतून यंत्राला दहा-बारा वाक्ये दिसतात, आणि त्यांतले एक निवडावे लागते. निवड तीन गोष्टींवर ठरते : सर्वसाधारण माणसे अशा वेळी काय लिहितात, हा विशिष्ट माणूस आजवर काय लिहीत आला, आणि त्याच्या संपादकाच्या, म्हणजे ज्या प्रोग्रॅमात तो मजकूर लिहितो त्याच्या, विन्यासात काय नियम घालून दिले आहेत. पाणी लागून अक्षरे पसरलेल्या पानाशी पाठसंपादक जे करतो, तेच यंत्र करते. गावंडे यांनी आयुष्यभर जीर्ण पोथ्यांचे पाठ निश्चित केले होते. आता ते स्वतः जीर्ण पोथी झाले होते, आणि त्यांचा पाठ दुसरे कोणी निश्चित करत होते. यातला विनोद त्यांना पहिल्याच दिवशी कळला होता. तो कोणाला सांगण्याची सोय मात्र नव्हती.

त्यांचा संपादक जुन्या वळणाचा होता : काळा पडदा, पांढरी अक्षरे, एकही चित्र नाही. जग नवनव्या प्रोग्रॅमांमागे धावत असताना त्यांनी तो सोडला नाही. उलट तीस वर्षे ते त्याला आपल्या हाताच्या मापाने बेतत राहिले. लोक त्या फाइलला कॉन्फिग म्हणत. गावंडे विन्यास म्हणत आणि न म्हणणाऱ्याला दुरुस्त करत. तिच्यात हजारो ओळी होत्या. कोणती बोटे एकत्र दाबली की हस्तलिखिताची खूण उमटावी, कोणता मजकूर कोणत्या रंगात दिसावा, संशयास्पद शब्दाखाली टिंबे कशी यावीत. प्रत्येक नियमाच्या वर त्यांनी मराठीत कारण लिहिले होते, आणि बहुतेक कारणांत कोणाचा तरी उद्धार होता. माणसे संध्याकाळी बागेला पाणी घालतात. हे विन्यासात एखादी ओळ घालत. मंजूषाबाई त्याला 'सवत' म्हणत. सुरुवातीला हसून, पुढे नुसतेच.

या फाइलीच्या अगदी शेवटी, जेथे लिहिलेला नियम आधीच्या सर्व नियमांवर मात करतो, तेथे एक ओळ होती : शंका असेल तेथे कठीण पाठ ठेव. वर कारण दिले होते : 'सोपा पाठ हा बहुधा नकलनविसाचा आळस असतो.'

पट्टा बसवला त्या दिवशी विन्यास यंत्राशी जोडायला तुषारच आला होता. हे काम दुसऱ्या कोणाला जमले नसते. त्या फाइलीची भाषा त्याला गावंडे यांनीच शिकवली होती.

"काकू, सरांचा कॉन्फिग म्हणजे जंगल आहे हो."

"विन्यास म्हण. ओरडतील," मंजूषाबाई सवयीने म्हणाल्या. मग दोघांनीही पलंगाकडे पाहिले.

थोड्या वेळाने तुषारने विचारले, "सौहार्दाची पातळी किती ठेवू?"

"ती काय असते?"

तुषारने समजावले. मेंदूला इजा झालेली माणसे कधीकधी भलतेच बोलतात. शिव्या देतात, मुलांना नको ते म्हणतात. त्यांना तसे म्हणायचे असतेच असे नाही. पूर्वी यंत्र ते जसेच्या तसे उमटवायचे आणि घरेच्या घरे मोडायची. म्हणून आता शून्यापासून पाचपर्यंत पातळी असते. जितकी वर, तितके यंत्र शक्य त्या वाक्यांतले मायेचे वाक्य उचलते. रुग्णाला ती बदलता येत नाही, कारण त्याच्या निर्णयाचा भरवसा कायदा धरत नाही. किल्लीचे कार्ड रुग्णाला सांभाळणाऱ्याकडे राहते.

"लोक किती ठेवतात?"

"आपोआप तीन येते."

मंजूषाबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिले. त्या मराठीच्या एम.ए. होत्या. लग्नानंतर तीस वर्षे त्यांनी नवऱ्याच्या लेखनाच्या स्वच्छ प्रती केल्या. पहिल्याच वर्षी एका प्रतीत त्यांनी नवऱ्याची एक उघड चूक न विचारता दुरुस्त केली होती. त्यावर पाहुण्यांसमोर ऐकलेले वाक्य त्यांना अजून पाठ होते : 'जे दिसेल ते उतरवायचे. आपल्या मनाचे घालायचे नाही. तेवढी बुद्धी तुला दिलेली नाही.'

"चार ठेव," त्या म्हणाल्या.

यंत्राने लगेच इशारा दिला : चौथी पातळी आणि फाइलीतली शेवटची ओळ एकमेकींच्या विरोधात आहेत. तुषारने ती ओळ पुसली नाही. पुढे एक खूण टाकून ती निष्प्रभ केली. ओळ दिसते, पण चालत नाही. 'नाकारलेला पाठ पुसू नये, तळटीपेत ठेवावा,' हेही त्याला गुरूंनीच शिकवले होते. गावंडे पडल्या पडल्या ते पाहत होते. शिष्य पद्धतीत कुठेही चुकला नव्हता.

त्याआधी घरात एक अक्षरांचा फळा होता. मंजूषाबाई एकेका अक्षरावर बोट ठेवत. हवे ते अक्षर आले की गावंडे एकदा पापणी मिटत. एका वाक्याला अर्धी सकाळ जाई, पण ते वाक्य त्यांचे असे. यंत्र आले आणि फळा कपाटावर गेला. घडाघडा बोलणाऱ्या माणसाला पापण्यांचे प्रश्न कोण विचारतो? पहिल्या आठवड्यात त्यांनी सारखे डोळे मिटून नकार दिला, तेव्हा बाईंनी डॉक्टरांना विचारून डोळ्यांत थेंब घालायला सुरुवात केली. पडद्यावर उमटले : 'किती काळजी घेतेस, मंजू.'

मंजू. तीस वर्षांत त्यांनी तिला कधी या नावाने हाक मारली नव्हती. ते माहेरचे नाव होते. तिच्या आईच्या जुन्या निरोपांतून यंत्राने ते शोधून काढले होते. त्या सकाळी बाई स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ आल्या नाहीत. परतल्या तेव्हा तोंड धुतलेले होते.

घर बदलले. बाईंची बहीण, जी या घरात दारातूनच परत जायची, ती आता आठ-आठ दिवस राहू लागली. "भाऊजी किती गोड बोलतात गं," ती म्हणे, "आधी असं नव्हतं बाप्पा." गावंडे मनात तिच्यासाठी जे विशेषण योजत, त्याचे पडद्यावर 'घरात तुझ्यामुळे उजेड येतो' असे होई. पट्टा त्यांनी मनात हजारदा फेकून दिला. 'ही पातळी खाली आणा,' असे लिहायचा प्रयत्न केला. पण तेही लिहायचे त्याच यंत्रातून. पडद्यावर आले : 'असेच चालू ठेवा.'

हे सारे त्यांनी सोसले असते. माणूस अपमान सोसतो, विद्वान तर त्यावर जगतो. पण मध्येच सावंगीची पोथी आली.

सावंगीची पोथी हे त्यांच्या आयुष्याचे काम होते. तिची प्रमाण आवृत्ती मंडळ काढणार होते. मंडळाच्या नव्या इमारतीला ज्या घराण्याने देणगी दिली, त्या घराण्याच्या माडीवर ऐन वेळी त्याच पोथीची काही 'हरवलेली' पाने सापडली होती, आणि त्या पानांत घराण्याच्या मूळपुरुषाला साक्षात ग्रंथकर्त्याने मिठी मारली होती. कागद जुना, शाई जुनी, अक्षर सुरेख. गावंडे यांनी आजाराच्या आदल्याच आठवड्यात ती पाने पाहिली होती आणि त्यांना एक गोष्ट खटकली होती. पोथी पहिल्यांदा छापली गेली तेव्हा खिळे जुळवणाऱ्याच्या नजरचुकीने एक ओळ गळली होती. या पानांतही पोथीतला तोच उतारा पुन्हा आला होता, आणि नेमकी तीच ओळ गळलेली होती. छापखान्याच्या चुकीची नक्कल छापखान्याच्या तीनशे वर्षे आधी कोणी करू शकत नाही. पाने छापील पुस्तक समोर ठेवून लिहिलेली होती.

हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. त्यांना ते भर सभेत सांगायचे होते, तुषारचा चेहरा पाहत. मध्ये गुठळी आली.

मंडळाच्या घटनेप्रमाणे मुख्य संपादकाच्या संमतीशिवाय एक अक्षरही संहितेत जाऊ शकत नव्हते. मुख्य संपादक तेच होते. त्यांचे एक 'नाही' पुरेसे होते, आणि तेवढेच त्यांना उच्चारता येत नव्हते. तुषार गुरुवारी अंतिम संमती घ्यायला फोन करणार होता.

मधल्या दुपारी गावंडे यांनी आपला विन्यास डोळे मिटून पहिल्यापासून वाचायला घेतला. तो त्यांना स्तोत्रासारखा पाठ होता. कुठेतरी भोक असणार. प्रत्येक नियमसंग्रहाला ते असते. आणि मध्यावर ते सापडले. त्यात काही संक्षेप होते : ठराविक बोटे ठराविक क्रमाने दाबली, की आधी लिहून ठेवलेला मजकूर जसाच्या तसा उमटायचा. संक्षेपात निवड नसते. जेथे निवड नाही, तेथे सौहार्द शिरणार कुठून? त्यांतला एक संक्षेप त्यांचा शिक्काच होता. हजारो पानांवर तो त्यांनी उठवला होता. अंगठा दोनदा, मग करंगळी.

बुधवारी दुपारी त्यांनी सगळे बळ करंगळीत आणले. एकदा नाही जमले. कितव्यांदा जमले ते त्यांनी मोजले नाही. पडद्यावर अक्षरे आली, कोरडी आणि त्यांची :

'प्रक्षिप्त. मूळ संहितेत घेऊ नये. — वि. गा.'

पुन्हा. आणि पुन्हा.

मंजूषाबाई बेसनाचे हात घेऊनच बाहेर आल्या. पडद्याकडे पाहत राहिल्या. हा शिक्का त्यांनी तीस वर्षे प्रतींत उतरवला होता. तो त्या लाखांत ओळखणार.

"अहो, हे तर तुमचं आहे," त्या हळू म्हणाल्या.

गावंडे यांनी एकदा पापणी मिटली.

त्या जवळ आल्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी पडद्याऐवजी डोळ्यांकडे पाहून विचारले, "त्या सावंगीच्या पानांचं म्हणताय? खोटी आहेत ती?"

पापणी एकदाच मिटली, घट्ट.

"मग तुषारला असं कसं काय लिहिलंत? का हे मशीन मधात येतं तुमच्या?"

एकदा.

बाई खुर्चीत बसल्या. हातावरचे बेसन वाळत चालले होते. "म्हणजे इतके दिवस," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "मंजू वगैरे. तेही त्याचंच."

या प्रश्नाला प्रश्नचिन्ह नव्हते, म्हणून गावंडे यांनी उत्तर दिले नाही. ते मनाने मंडळाच्या त्या सभेत पोहोचले होते.

बाईंनी हात धुतले. कपाटातून किल्लीचे कार्ड काढले, यंत्राला लावले आणि पातळी चारवरून शून्यावर आणली. मग विन्यासाची फाइल उघडून शेवटच्या ओळीपुढची खूणही काढली. तेवढे त्यांना येत होते. इतकी वर्षे त्या सवतीचे दर्शन त्यांनी उगाच घेतले नव्हते.

"लिहा," त्या म्हणाल्या. "जे दिसेल ते तुषारला जसंच्या तसं वाचून दाखवते. आज, आत्ता."

गळलेल्या ओळीचा सगळा युक्तिवाद गावंडे यांच्या मनात आठ महिन्यांपासून मांडून तयार होता. त्यातले पहिलेच वाक्य पुरले असते. पण त्यांनी आयुष्यात कधीही मुद्द्यापासून सुरुवात केली नव्हती. आधी समोरच्याची पात्रता ठरवायची आणि मग मुद्द्याला हात घालायचा, ही त्यांची पद्धत होती. त्यांच्या प्रत्येक प्रस्तावनेची तीच होती. नसांतून लहर गेली. पडदा क्षणभर काळा राहिला आणि उमटले :

'आठ महिने लागले. शेळीला याहून लवकर कळले असते. तेवढी बुद्धी तुला दिलेलीच नाही.'

यंत्राने एक अक्षरही बदलले नव्हते.

मंजूषाबाईंनी ते वाचले, मनातल्या मनात. त्यांचा चेहरा फार बदलला नाही. ओळखीच्या पत्त्यावर पोहोचल्यासारखा स्थिर झाला. "हो," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही."

मग एक अशी गोष्ट घडली, जिची नोंद कोणत्याही आवृत्तीत होणार नाही. गावंडे यांनी पोथी बाजूला ठेवली. गळलेली ओळ, मंडळ, तुषारच्या अंगठ्या, सगळे बाजूला ठेवले आणि समोरच्या बाईची क्षमा मागायला घेतली. मनापासून. 'माझे चुकले' असे त्यांनी शब्दशः मनात धरले आणि बोटांकडे सोडले.

पण शून्य पातळीवर यंत्राच्या हाती माणसाचा स्वतःचा भूतकाळ तेवढा उरतो. त्या सावलीतून दिसणारी दहा वाक्ये यंत्राने तीस वर्षांच्या लेखनाशी ताडून पाहिली. पत्रे, परीक्षणे, तळटिपा, बायकोसाठी फ्रिजवर सोडलेले निरोप. त्यांत 'माझे चुकले' एकदाही नव्हते. जे कधी घडलेच नाही त्याची शक्यता यंत्र शून्य धरते. उरलेल्यांत शेवटच्या ओळीच्या नियमानुसार त्याने कठीण तो पाठ ठेवला. पडद्यावर आले :

'पुन्हा तपासून पाहा.'

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मनगट थरथरल्यासारखे त्यांना वाटले. ते थरथरले नव्हते.

'पुन्हा तपासून पाहा.'

"तपासलं," मंजूषाबाई म्हणाल्या. त्या उठल्या. शेवटच्या ओळीपुढे खूण परत टाकली, कार्ड लावले आणि पातळी वर नेली. या वेळी चारवर थांबल्या नाहीत.

गावंडे अजून त्याच वाक्यावर अडकलेले होते. ते सोडायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. पाचव्या पातळीवर पडदा उजळला :

'मंजू, माझे चुकले. मला क्षमा कर.'

यंत्र आल्यापासून पहिल्यांदा पडद्यावरचे मायेचे वाक्य त्यांच्या मनातलेही होते. गावंडे यांनी पापणी मिटली, उघडली नाही, मग एकदम उघडून तिच्याकडे पाहिले.

बाई पडद्याकडे पाहत होत्या. "किती छान लिहितो हा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही जमलं कधी." आणि पदराला हात पुसत स्वयंपाकघरात गेल्या. गॅसवर कढी ठेवलेली होती.

गुरुवारी सकाळी तुषारचा फोन आला. बाईंनी तो आवाज मोठा करून पलंगाशी धरला.

"काकू, सरांची पोथीबद्दलची शेवटची संमती हवी होती. ती पानं घेऊ ना आत?"

गावंडे यांनी मनात एकच शब्द धरला. इतका लहान शब्द, की त्याची सावलीही चुकू नये. नाही. त्यांनी अंगठ्याकडे आणि करंगळीकडेही वळून पाहिले. पण बुधवारचे बळ बुधवारीच संपले होते.

पडद्यावर उमटले : 'अवश्य. आनंदाने.'

मंजूषाबाईंनी पडद्याकडे पाहिले, मग पलंगाकडे. गावंडे यांचे डोळे दोनदा मिटले. पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा. आज ते बाईंना दिसत होते. दिसत नाही असे आज त्यांना म्हणता आले नसते.

"काकू? काय म्हणतात सर?"

"थांब, वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. "जे दिसतंय तेवढंच वाचते बाबा. माझ्या मनाचं काही घालत नाही. तेवढी बुद्धी मला दिलेली नाही."

आणि त्यांनी दोन्ही शब्द, स्पष्ट उच्चारात, एक अक्षरही इकडचे तिकडे न करता, वाचून दाखवले.